इतिवृत्तात न लिहिलेलं

रेझेक्नेत नोव्हेंबरात चारलाच काळोख पडतो.
शाळेच्या व्यायामगृहात, लोंबत्या दोरांखाली,
आमच्या इमारतीची सभा भरली.
साठ घरं, पाच मजले, चार जिने.
मी चिटणीस. वही माझ्याकडे.

विषय एकच :
दगड वितळवून काढलेली लोकर भिंतींना बाहेरून,
तळघरातल्या नळांना कोट, खिडक्यांना तिहेरी काच.
कर्ज वीस वर्षांचं, व्याज नावापुरतं,
सहीपुरत्या जागेत मावेल एवढं.

तपासनीस ऑक्टोबरातच येऊन गेला होता.
गेनोवेफाच्या दारात त्यानं मोठा पंखा बसवला,
घरातली हवा ओढून घेतली,
आणि विजेच्या खोबणीतून, फरशीच्या कडेतून,
देवाच्या तसबिरीमागूनसुद्धा
वारा शिट्ट्या घालत आत आला.
डॉक्टरपुढे सदरा काढावा लागल्यासारखी
ती अवघडून उभी राहिली.
"तुम्ही रस्ता गरम करताय," तो म्हणाला.
चाळीस वर्षं.
रस्ता एकदाही आभार मानायला वर आला नाही.

सभेत तळमजल्याचा स्तानिस्लाव्स उठला :
"ऊब वर जाते. पैसे मी का भरू?"
पाचव्या मजल्याची इल्गा म्हणाली, "छत गळतं माझं,
ते तरी खाली येतं का तुझ्याकडे?"
ब्रोनिस्लाव्स एक्क्याऐंशीचा.
"फिटेल तेव्हा मी एकशे एक.
बँकेनं वय नाही विचारलं माझं?"
"कर्ज तुमचं नाही, आजोबा. इमारतीचं."
"बरं. मग भिंतीच फेडतील."
आणि हात वर केला, खांदा दुखत असूनही.

मी फळ्यावर बेरीज मांडली :
जानेवारीचं आत्ताचं बिल एकशे चाळीस युरो.
नंतरचं साठ, वर हप्ता बावन्न.
लोकांनी तीन तीनदा करून पाहिली.
प्रत्येक वेळी कमीच भरली,
तरी कुणाचा विश्वास बसेना. फुकट वाटतं
तिथे आम्ही आधी खिसा चाचपतो.

चाळीस मतं हवी होती.
एकोणचाळीस झाली.

सत्तावन्न नंबरचा झेनोन हात मांडीवर ठेवून बसला होता.
दूध कारखान्यातला जुना वायरमन, कर्जाला न घाबरणारा.
"माझ्या स्वयंपाकघराच्या वर," तो म्हणाला,
"दोन तुकड्यांच्या सांध्यात फट आहे.
बारा मेच्या आसपास पाकोळ्या येतात तिथे,
आफ्रिकेतून, सरळ.
तुम्ही ती बुजवणार."

मागून कुणी तरी हसलं.
कंत्राटदाराची मुलगी हसली नाही.
तिनं नकाशाचं शेवटचं पान उलटलं :
लोकरीत बसणारी लाकडी घरटी, बाराची सोय होते,
सगळी मिळून सातशे वीस युरो.
मी भागाकार केला. साठ घरं, दोनशे चाळीस महिने.
दर घरी महिना पाच सेंट. व्याजासकट सहा.

मुद्दलापेक्षा व्याज प्यारं, असं नातवंडांबद्दल म्हणतात.
त्या रात्री ते मला त्या एका सेंटाबद्दल वाटलं.
झेनोननं चष्मा पुसला, आकडा वाचला,
परत पुसला.
चाळीस.

वहीत मी एवढंच लिहिलं : ठराव मंजूर.

पुढच्या हिवाळ्यात गेनोवेफानं खिडकीच्या चौकटीतला
कोंबलेला कागद उपसला,
आणि गरम पायांनी, ओट्याशी उभ्या उभ्या,
पंधरा वर्षांपूर्वीचं हवामान वाचत बसली.
गाडी गेल्याचा आवाज आता आत येत नाही,
याची सवय व्हायला तिला मार्च उजाडला.

मेच्या तेराला पाकोळ्या आल्या.
आठ-दहा होत्या. नव्या पिवळ्या भिंतीभोवती
किंचाळत फिरल्या दोन दिवस,
जुन्या सांध्याच्या जागी आपटता आपटता वळल्या,
आणि समोरच्या न सुधारलेल्या इमारतीत गेल्या.
बाराच्या बारा घरटी रिकामी.

जिन्यात झेनोन भेटला. मी काय बोलावं सुचेना.
त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.
"कर्ज वीस वर्षांचं आहे," म्हणाला.